मांडवामागचं ऊन

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथी झाल्यावर शाळा सुटली ती सुटलीच. वाचणाऱ्याने चुका पोटात घालाव्यात. ही वही प्रज्ञाच्या गणिताची आहे, मागची पानं कोरी होती. प्रज्ञा म्हणजे माझ्या थोरल्या जावेची मुलगी. ती म्हणाली, "काकू, तुला चारचौघांत बोलता येत न्हाई, तर लिहून तरी ठेव."

माझी ही थोरली जाऊ शांताआक्का आणि मी एकाच दिवशी, एकाच जागी उन्हानं पडलो. मी वाचले, ती गेली. गावाच्या दप्तरात तिची नोंद अशी आहे की ती घरीच वारली, छातीच्या जुन्या दुखण्यानं. ते खोटं आहे. तिची छाती माझ्यापेक्षा चांगली होती. ते खोटं कसं झालं आणि त्यात माझा वाटा काय, ते लिहायचं आहे. उन्हात कामाला जाणाऱ्या बायांना याचा उपयोग झाला तर बरं.

काम

मे महिना होता, लग्नतिथी दाट होत्या. केजच्या पुढे एका गावात अण्णांच्या मुलीचं लग्न होतं. अण्णा म्हणजे त्या भागातले मोठे बागायतदार आणि पुढारी. सगळे त्यांना अण्णाच म्हणतात, मीही तेवढंच लिहिते. स्वयंपाक आचाऱ्याकडे होता आणि भांडी घासायला बाया न्यायचं काम गयाबाईकडे. गयाबाई आमच्याच वस्तीतली, विहाराच्या मागे राहते. आम्ही आठ जणी गेलो. आमच्या वस्तीच्या बायांना लग्नघरात भाताच्या पातेल्याला हात लावू देत नाहीत. खरकट्याला लावलेला चालतो.

मांडवात मोठे कूलर होते. आमची जागा मांडवाच्या मागे, पत्रे उभे करून केलेल्या भिंतीच्या बाहेर, उघड्या रानात. सकाळी त्या पत्र्यांची सावली आमच्यावर होती. अकराच्या सुमारास ती सरकत सरकत पत्र्याच्या बुडाशी गेली आणि संपली. मग तेच पत्रे तापून आमच्या पाठी भाजायला लागले. पुढ्यात खरकट्या ताटांचे ढीग, त्यात वरण वाळून चिकटलेलं, श्रीखंड उन्हानं फसफसलेलं. त्याचा आंबूस वास आणि माश्या. अजून कोणी श्रीखंडाचं नाव काढलं की मला तोंड फिरवावं लागतं.

आता लाज सोडून एक गोष्ट लिहिते. वऱ्हाडासाठी कापड लावून संडास केले होते. आमच्यातली एक तिकडे गेली तर तिथला माणूस म्हणाला, "ए बाई, हे पाव्हण्यांचं हाय. तुमाला रान कमी पडलं का?" रानात नांगरट झालेली, आडोसा एकाही झाडाचा नाही. पुरुषांचं काय, ते येऊन टँकरच्या चाकाशी उभे राहायचे. आम्ही त्याच टँकरच्या पाण्यानं भांडी घासत होतो. ओघळ आमच्या पायापर्यंत यायचा आणि आम्ही मान खाली घालून घासत राहायचो.

म्हणून आमची जुनी रीत होती. कामाला निघाल्यापासून घरी येईपर्यंत पाणी प्यायचंच नाही. तोंडात सुपारीचं खांड धरायचं, म्हणजे तोंडाला पाणी सुटतं आणि तहान कळत नाही. ही रीत मला शांताआक्कानंच शिकवली होती. तिला तिच्या सासूनं, म्हणजे आमच्या दोघींच्या सासूनं. आम्हाला त्यात शहाणपण वाटायचं. नव्या बाईला आम्ही हसायचो, "लई पानी पितीस, मग बसशील कुठं?"

परात

पहिली पंगत उठली, दुसरी बसली. आठ जणींच्या वाट्याला भांड्यांचा डोंगर आला. माझं डोकं ठणकत होतं, पण ते उन्हात रोजच ठणकतं. दुपारी माझ्या ध्यानात आलं की माझे हात कोरडे आहेत. पाण्यातून बाहेर काढले की लगेच कोरडे. कपाळही कोरडं. घाम येत नव्हता. मला बरंच वाटलं, म्हटलं चिकचिक तरी गेली.

शांताआक्का माझ्या शेजारी एक परात घासत होती. बराच वेळ तीच परात. स्वच्छ झालेली, पुन्हा राख लावायची, पुन्हा घासायची. गयाबाईनं ते पाहिलं.

"घास गं घास शांते, चांदीची हुईल! मग अण्णा तुलाच आंदन देत्याल."

सगळ्या हसल्या. मीही हसले. शांताआक्कानं मान वर केली आणि म्हणाली, "चूप बसा. हे जेवायला यायलेत. त्यांना ताट पायजेल." हे म्हणजे तिचा नवरा. माझे थोरले दीर. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

तेव्हाही आम्ही हसलो. हे मला लिहायलाच पाहिजे. आम्हाला वाटलं ती मस्करीला मस्करीनं उत्तर देतेय.

मग ती परातीवर पालथी झाली. मी उठायला गेले आणि मला पत्रे, टँकर, माणसं सगळं पांढरं पांढरं दिसलं. मी लुगड्यातच ओकले. जी गोष्ट चुकवायला सकाळपासून घोटभर पाणी प्याले नव्हते तीही झाली, सगळ्यांच्या पुढे. तेवढं आठवतं. त्यापुढचं नाही.

टेंपो

हे मला गयाबाईनं पुष्कळ नंतर, कोणी जवळ नसताना सांगितलं; टेंपोत ती आमच्याबरोबर होती.

आम्ही दोघी हातपाय झाडत होतो, तर लोकांना वाटलं फिट आली. कोणी कांदा फोडून नाकाला लावला, कोणी चप्पल. अंग थरथरतंय म्हणून थंडी वाजतेय असं एका शहाण्याला वाटलं. त्यानं मांडवातली सतरंजी आणून आमच्यावर टाकली. भर उन्हात, तापून लाल झालेल्या बायांवर सतरंजी. पाव्हण्यांसाठी थंड पाण्याचे जार पंचवीस पावलांवर होते. गयाबाई एक जार उचलायला गेली तर वाढपी म्हणाला, "अगं ते पंगतीचं हाय, टँकरचं घे की." टँकरचं पाणी चहासारखं गरम होतं. त्या जारातला एक जरी आमच्या अंगावर ओतला असता तर. हे वाक्य मी पुरं करत नाही.

अण्णांचा एक माणूस आला आणि म्हणाला, "मांडवाच्या दारात कसला तमाशा लावलाय. ऊन लागलंय, घरी नेऊन टाका, पडल्या की उठतील." भांड्यांच्या टेंपोत, पातेली सरकवून, आम्हाला घातलं. त्या टेंपोला वरून पत्रा. दवाखाना सोडून आम्हाला आधी गावी नेलं. घर येईपर्यंत शांताआक्का गेली होती.

माझे मालक घरी होते. त्यांनी दोघींना पाहिलं. वहिनीच्या नाकाशी हात धरला, माझ्या नाकाशी हात धरला. मला उचलून जीपमध्ये टाकलं आणि बीडला एका खासगी दवाखान्यात नेलं. कोणी तरी ओरडलं, "अशोक, वैनीचं काय?" ते म्हणाले, "ती आता कुठं जात न्हाई."

पिशवी

शुद्ध आली तेव्हा मी ओल्या चादरीत होते, काखेत बर्फाच्या पिशव्या, वर पंखा गरगरत होता. सिस्टर दुसरीला सांगत होती, "आली तेव्हा मी थर्मामीटर दोनदा लावलं, मला वाटलं बिघडलंय."

डॉक्टर तरुण होते. ते म्हणाले, "ताई, याला उष्माघात म्हणतात. ताप बाहेरून आत गेला. किडनीला झटका बसलाय, पण वाचलात. दिवसभर पाणी किती प्यालात?"

मी ओली चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"एक तांब्या? दोन?"

पुरुषापुढे काय सांगू? मी भिंतीकडे तोंड केलं. ते मालकांना म्हणाले, "अजून भ्रमात दिसतात." मी भ्रमात नव्हते.

मला नळी लावली होती आणि तिची पिशवी पलंगाला लटकत होती. आतलं पाणी काळ्या चहासारखं. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस आधी त्या पिशवीकडे पाहायचा, मग माझ्याकडे. शेजारच्या पलंगावरच्या म्हातारीचा जावई तर वाकून पाहायचा. सारा जन्म जी गोष्ट लपवण्यात गेला ती आता खुंटीला टांगली होती. मला स्वतःची इतकी घाण वाटली की दोन दिवस मी कोणाच्या डोळ्यात पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्या सिस्टरला मी हळूच सांगितलं, पाणी का प्यायले नाही ते. ती जाऊन उशीचा एक अभ्रा घेऊन आली आणि पिशवीवर चढवला. नंतर ड्युटी बदलताना तिनं दुसऱ्या सिस्टरला सांगितलं, "बेड सहाचा अभ्रा काढू नको गं." तिचं नाव विचारायचं राहिलं. त्या दवाखान्यातली मला बरी आठवण तेवढीच.

शांताआक्काचं विचारलं की मालक म्हणायचे, "घरी हाय, पडून हाय."

नारळपाणी

पाचव्या दिवशी गयाबाई आली, दोन शहाळी घेऊन. बसता बसता रडायला लागली.

"सुमे, तू तरी उठ बाई. एक तर गेली."

मी म्हटलं, "कोण?"

तिनं मालकांकडे पाहिलं. मालक उठून खिडकीशी गेले. मग तिनं आवाज उतरवला आणि पाठ केलेलं बोलावं तसं बोलली, "तिचं हार्टचं झालं म्हनं. आधीपासूनच हुतं. घरीच गेली ती. आपुन मांडवात काय बगितलं न्हाई."

"तू बघितलंस की. परात घासत होती."

"मी काय बगितलं न्हाई, सुमे. मला अजून चार लग्नं हायेत अण्णांच्या भावकीत. आठ बायांची चूल हाय माझ्यावर."

शहाळं तिनं स्वतः फोडून माझ्या हातात दिलं होतं. मी ते प्याले. मला इतकी तहान होती. शांताआक्का मेल्याचं ऐकलं आणि दुसऱ्या क्षणाला मी नारळपाणी गटागटा प्याले. त्याची मला अजून शिसारी येते.

मालक

गयाबाई गेल्यावर मी मालकांना विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पहिल्याच संध्याकाळी अण्णांचा माणूस दवाखान्यात आला होता. काउंटरवर पैसे भरायला सांगत होते आणि मालकांच्या खिशात जीपचं भाडंही नव्हतं. तो म्हणाला, बिलाचं अण्णा बघतील. तुम्ही सकाळी गावी जाऊन वहिनीचं उरका. ग्रामसेवकाकडे नोंद घरची सांगा, छातीची सांगा. लग्नाला मोठी मोठी माणसं आली होती, उगाच पेपरात नको.

मालकांनी सकाळी वहिनीला अग्नी दिला, ग्रामसेवकासमोर सही केली आणि दुपारच्या एसटीनं माझ्याकडे परत आले.

मी म्हटलं, "तिला पैशाला इकलंत."

ते म्हणाले, "व्हय. इकलं. ती मेली हुती, तू जित्ती हुतीस. तू बी मेली असतीस तर खरं कुनापुढं बोललो असतो?"

त्यांचा राग करावा तर मी ज्या श्वासानं राग करते तो त्या पैशाचा आहे. बिल बेचाळीस हजार झालं. मी घरी आल्यावर म्हटलं, मी प्रज्ञाला आणि सगळ्यांना खरं सांगणार.

मालक म्हणाले, "त्येंचं मीठ पोटात असताना कसं बोलशील? उद्या त्ये म्हनतील, पैसे खाताना गोड लागले का? आदी फेडू. सारे फेडू. मग तुला काय बोलायचं ते बोल, मी संगं उभा ऱ्हाईन."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर सोयीचंही वाटलं. मी मुळात बोलायला भिणारी, मला गप्प बसायला कारण मिळालं.

प्रज्ञा

आई गेल्यावर प्रज्ञा आमच्याकडेच राहिली. तेव्हा नववीत होती. शाळेच्या खो-खोच्या संघात होती, पळण्यात तिचा हात धरणारी कोणी नव्हती. दिवाळीनंतर ती मैदानावर जायची बंद झाली. मी विचारलं, कावून जात न्हाईस? म्हणाली, अभ्यास असतो.

एकदा भाकरी खाता खाता तिनं हात थांबवला आणि छातीवर ठेवला. डोळे मिटून काही तरी मोजत होती. मग म्हणाली, "काकू, आईला छातीचं कधीपासून हुतं गं? शाळेतल्या बाई म्हणल्या, ते आईकडून लेकीला येतं. मी पळाले की माझं बी लई धडधडतं."

पळाल्यावर कोणाचं धडधडत नाही? हे मला तिथंच सांगता आलं असतं. मी म्हटलं, "भाकरी खा, गार होईल."

एका मावशीनं तिच्यासाठी स्थळ सुचवलं होतं, पुढे दोन-तीन वर्षांनी बघू म्हणून. तिकडूनच निरोप आला की मुलीच्या आईला हृदयाचा आजार होता असं कळलं, राहू द्या. लग्न तर आम्हाला इतक्यात करायचंच नव्हतं. पण प्रज्ञानं तो निरोप ऐकला. त्या दिवसापासून ती पाण्याची घागरही दोन्ही हातांनी जपून उचलायला लागली, जशी काही आतली काच फुटेल.

दोन वर्षं मी हे पाहिलं. अण्णांच्या माणसांचा मला वीट आला होता, गयाबाईचा आला होता, पण सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. रोज त्या पोरीच्या ताटात वाढायचे आणि रोज खोटं वाढायचे.

बायांसाठी

मध्येच हे लिहिते, नाही तर राहून जाईल. उन्हात घाम यायचा थांबला तर बरं वाटून घेऊ नका, तिथंच उठा. शेजारची बाई काहीबाही बोलायला लागली, तेच ते काम करायला लागली तर हसू नका. तिला सावलीत ओढा, अंगावर मिळेल ते पाणी ओता, वारा घाला, काही पांघरू नका, शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतू नका, आणि घरी न नेता दवाखान्यात न्या. आणि पाणी प्या. बसायला जागा नसेल तर चौघींनी लुगडी धरून आडोसा करा आणि बसा. कोणी पाहिलं तर पाहू द्या. मी आता लग्नाच्या कामाला जात नाही, पण खुरपायला जाते तेव्हा आम्ही असंच करतो. पहिल्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता नाही होत.

फेड

मी कापूस वेचला, सोयाबीन काढली, दोन शेळ्या विकल्या. मालक दोन हंगाम वीटभट्टीवर गेले. तीन वेळा मालक एकटेच जाऊन पैसे देऊन आले. अण्णांनी दर वेळी घेतले आणि दर वेळी म्हणाले, कशाला आणता. चौथ्या वेळी आठ हजार राहिले होते. मी म्हटलं, या वेळी मी येते. आणि प्रज्ञाला घेते.

जीपमध्ये मी तिला सांगणार होते. केज आलं, केज गेलं, मला तोंड उघडता आलं नाही.

अण्णा पडवीत झोपाळ्यावर बसले होते, समोर गावातली चार-पाच माणसं. आम्हाला पाहून म्हणाले, "या अशोकराव. अरे, पानी आना रं यांना." थंड पाण्याची बाटली आली. मी हातात घेतली नाही.

पैसे पदराला बांधले होते. गाठ सुटेना. प्रज्ञानं दातांनी सोडवली.

"आगं कशाला गं बाय, मी मागितले का कधी?" अण्णा म्हणाले.

"न्हाई मागितले."

"मग?"

मला वाटलं मी पुन्हा पडणार. मी जमिनीकडे पाहत बोलले, पण बोलले. "ही शांताची लेक. तिच्या देखत सांगायचंय. शांता तुमच्या मांडवामागं उन्हानं पडली. माझ्या शेजारी. टेंपोत मेली. घरी न्हाई. छातीचं दुखनं तिला कधी नव्हतं."

झोपाळा थांबला. समोरची माणसं चपला शोधायला लागली. अण्णा मालकांना म्हणाले, "अशोकराव, नोंदीखाली सही तुमचीच हाय ना?"

मालक म्हणाले, "माझीच हाय. खोटी हाय. आता ग्रामसेवकाकडं जाऊन तसंच लिहून देनार हाय."

"कोन ऐकतंय आता?"

कोणी ऐकेल की नाही याची आम्हालाही खात्री नव्हती.

प्रज्ञा माझ्याकडे वळली. तिचा हात छातीवर होता. "काकू, म्हंजे मला काय झालेलं न्हाई?"

"न्हाई बाळा. तुला काय बी झालेलं न्हाई."

ती रडली नाही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं थुंकेल. थुंकली असती तरी मी पुसलं नसतं.

"मोजून घ्या," मी अण्णांना म्हटलं.

त्यांनी नोटा मोजल्या. अंगठा जिभेला लावून, एकेक. एक नोट उजेडाकडे धरून उलटसुलट पाहिली, खरी आहे का म्हणून. मग बाकीच्यांत मिसळली.

"बरोबर हायेत," ते म्हणाले. बेचाळीस हजार पुरे झाले.